वापरलेल्या रिव्हॉल्व्हरचं रिकॉलचं काम झालंय की नाही, हे कसं ओळखायचं?

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी जे नेमबाजीकडे वळलेत, त्यांच्याकडून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. रिकॉल म्हणजे मालात दोष सापडल्यावर तो दुरुस्त करून देण्यासाठी कंपनीने काढलेली सूचना. दुकानात किंवा गन शोमध्ये १९८०च्या दशकातलं स्मिथ अँड वेसन कंपनीचं रिव्हॉल्व्हर दिसतं, किंमत बरी वाटते, विक्रेता सांगतो, "रिकॉल वगैरे सगळं झालंय." घरी आल्यावर शंका येते. कधी उलटं होतं. रेंजवर चार-पाच बार झाल्यावर सिलिंडर अडकतं, चाप ओढला जात नाही, आणि मग कुणीतरी शेजारून म्हणतं, "अरे, याला रिकॉल होता ना?"

गाडीच्या बाबतीत हे सोपं असतं. गाडीचा ओळख क्रमांक, म्हणजे सतरा अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन, सरकारी संकेतस्थळावर टाकला की कुठलं काम बाकी आहे ते समोर येतं. बंदुकांसाठी अशी एकत्रित सरकारी यादीच नाही. १९७२च्या ग्राहक सुरक्षा कायद्यातून बंदुका वगळलेल्या आहेत, त्यामुळे तिथला ग्राहक सुरक्षा आयोग बंदुकीचा रिकॉल काढायला कंपनीला भाग पाडू शकत नाही. रिकॉल काढायचा की नाही, कुणाला कळवायचं, कधीपर्यंत काम करून द्यायचं, हे कंपनी ठरवते. मूळ खरेदीदाराने १९८७ साली मासिकातली सूचना वाचली असेल किंवा नसेल, पण तिसऱ्या-चौथ्या मालकाला पत्र येणार नाही हे नक्की. म्हणून माझं सांगणं एकच आहे: विक्रेत्याचं तोंडी आश्वासन आणि डब्यातला कागद बाजूला ठेवा, धातूवर काय आहे ते स्वतः बघा. दोन उदाहरणं सविस्तर घेतो, कारण सर्वात जास्त गोंधळ या दोन्हींतच होतो.

हात लावण्याआधी

रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची खात्री स्वतः करा. दुकानदाराने आत्ताच तपासून हातात दिलं असलं तरी करा. सिलिंडर बाहेर काढा, सहाही घरं डोळ्यांनी बघा, बोट फिरवून बघा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. काडतुसं त्या टेबलावर नकोतच, दुसऱ्या खोलीत ठेवा. खाली जे जे तपासायला सांगतो आहे ते सगळं रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर करायचं आहे. एकही तपासणी अशी नाही की जिला भरलेलं रिव्हॉल्व्हर लागतं.

स्मिथ अँड वेसनची एल-फ्रेम आणि 'एम'चा शिक्का

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय शिक्क्याचा अर्थ लागत नाही. फ्रेम म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा; के, एल, एन ही त्याच्या आकारांची नावं. मॉडेल १९ आणि ६६ ही स्मिथ अँड वेसनची के-फ्रेम रिव्हॉल्व्हरं हलकी आणि लोकप्रिय होती, पण .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाचा सततचा मारा त्यांना सोसत नव्हता. मोठी एन-फ्रेम मजबूत, पण कमरेला जड. या दोहोंच्या मधली म्हणून १९८०च्या सुमारास एल-फ्रेम आली. तिची सुरुवातीची चार मॉडेलं: ५८१ आणि ५८६ साध्या पोलादाची, ६८१ आणि ६८६ स्टेनलेसची. ५८१ व ६८१ यांची मागची साइट (नेम धरायची खूण) पक्की बसवलेली, ५८६ व ६८६ यांची फिरवून जुळवता येणारी. नळीखाली टोकापर्यंत गेलेला जाड पट्टा ही एल-फ्रेमची लांबूनही कळणारी खूण.

या चारही मॉडेलांसाठी कंपनीने १९८७ मध्ये सुरक्षा सूचना काढली. काही विशिष्ट .३५७ मॅग्नम काडतुसं उडवल्यावर सिलिंडर अडकू शकतं, असं त्यात म्हटलं होतं. उपाय म्हणून घोड्यावरची फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर ठोका मारणारी) आणि ती ज्या छिद्रातून पुढे येते तिथलं फ्रेममधलं बुशिंग, म्हणजे छोटं कडं, हे दोन्ही भाग बदलून दिले जात. काम झालं की मॉडेलच्या आकड्याजवळ इंग्रजी 'एम' अक्षर ठोकलं जाई. तोच शिक्का आपल्याला शोधायचा आहे.

तो कुठे असतो? सिलिंडर डावीकडे बाहेर काढा. सिलिंडरला धरून ठेवणारा जो हात बाहेर आला, त्याला योक म्हणतात, काही जण क्रेन म्हणतात. तो बंद असताना फ्रेममधल्या ज्या खाचेत बसतो, ती खाच टॉर्चच्या तिरक्या उजेडात बघा. तिथे 'मॉड' आणि पुढे मॉडेलचा आकडा दिसेल, बऱ्याचदा आकड्यानंतर छोटी रेघ आणि आणखी एक अंक. 'एम' असलाच तर या आकड्याच्या पुढे, वर किंवा खाली असतो. तो नंतर ठोकलेला असल्यामुळे बाकीच्या अक्षरांच्या ओळीत नसतो, किंचित तिरका किंवा वेगळ्या आकाराचा असू शकतो. खाच जळक्या पावडरीने काळी पडली असेल तर साफसफाईचं द्रावण लावून मऊ कापडाने पुसा. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश लावू नका, शिक्काच पुसट होतो.

याच खाचेत इतरही बारीक आकडे-अक्षरं असतात, आणि घोटाळा तिथेच होतो. योकवर आणि फ्रेमवर एकसारखा दिसणारा छोटा आकडा असतो. तो कारखान्यात जोडणीच्या वेळी भाग एकत्र ठेवण्यासाठीचा क्रमांक असतो, सिरीयल नंबर नव्हे. सिरीयल नंबर मुठीच्या तळाशी असतो. मोठी रबरी मूठ बसवलेली असेल तर ती काढल्याशिवाय तो दिसणार नाही. तपासनीसांची एकटीदुकटी अक्षरंही आसपास ठोकलेली असतात. त्यामुळे कुठेतरी एखादं अक्षर दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. 'एम' मॉडेलच्या आकड्याला लागून हवा.

आता वाचायचं कसं. आकड्यापुढे रेघ नाही, नुसतं ६८६ किंवा ५८६ असं लिहिलं आहे, तर 'एम' हवाच. ६८६-१, ५८६-१, ५८१-१, ६८१-१ असेल, तरी हवाच. रेघेपुढे २ किंवा त्याहून मोठा अंक असेल, तर काळजी सोडा. १९८७ मध्ये आलेल्या '-२' पासून बदललेली पिन आणि बुशिंग कारखान्यातूनच बसवून आलेली आहेत, 'एम' शोधत बसायचं कारण नाही. ६८६-४ वर 'एम' नाही म्हणून सौदा मोडायला निघालेले लोक मी पाहिलेत. मॉडेल १९, ६६, १३, ६५ ही के-फ्रेमची आणि २८, २७ ही एन-फ्रेमची, यांचा या सूचनेशी संबंध नाही. आणि '६८६ एम' नावाचं वेगळं, खास मॉडेल वगैरे काही नसतं. जाहिरातीत तसं लिहून दर वाढवला असेल तर त्याला बळी पडू नका.

ऑनलाइन लिलावातून घेत असाल तर बोली लावण्याआधीच विक्रेत्याला योकच्या खाचेचा फोटो मागा. मुठीचे, नळीचे, डब्याचे दहा फोटो असतात आणि नेमका हाच नसतो. चांगला विक्रेता दोन मिनिटांत पाठवतो. टाळाटाळ केली तर रिकॉलचं काम झालेलं नाही असंच धरून किंमत ठरवा.

काही संग्राहक मुद्दाम 'एम' नसलेलं, मूळ अवस्थेतलं रिव्हॉल्व्हर शोधतात आणि त्याला जास्त पैसे देतात. त्यांचा छंद मला समजतो. पण ज्याला रेंजवर मॅग्नम उडवायचं आहे किंवा घराच्या रक्षणासाठी ठेवायचं आहे, त्याने 'एम' असलेलंच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

"इतक्या वर्षांत कधी अडकलं नाही"

हे वाक्य विक्रेते खोटेपणाने बोलतात असं नाही. ते खरंही असू शकतं, आणि तरीही त्याचा उपयोग नाही. कारण समजून घ्या.

बार होतो तेव्हा काडतुसाच्या आतला दाब सगळ्या बाजूंनी ढकलतो. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठोका बसताच पेटणारी छोटी टोपी, मागे सरकून फ्रेमच्या भिंतीला टेकतो. त्या भिंतीत नेमकं प्रायमरच्या मध्याशी फायरिंग पिनचं छिद्र असतं. प्रायमरची वाटी मऊ धातूची, दाब जास्त, आणि पिन व छिद्राची जुळणी अशी की धातूला वाट मिळते. मग वाटीचा धातू त्या छिद्रात थोडासा सरकतो. पुढच्या बारसाठी सिलिंडर फिरायला हवं, पण धातूचा तो उंचवटा दाराच्या कडीसारखा छिद्रात अडकलेला असतो. चाप एकदम जड होतो, घोडा मागे येत नाही, कधी सिलिंडर बाहेरही निघत नाही.

.३८ स्पेशल काडतुसं याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालतात, आणि बहुतेक लोक स्वस्त म्हणून सरावाला तीच वापरतात. .३८ स्पेशलसाठी ठरलेली दाबाची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे, .३५७ मॅग्नमसाठी ३५,०००. दुपटीहून जास्त. त्यामुळे वीस वर्षं फक्त .३८ उडवणाऱ्या माणसाला काहीही जाणवणार नाही. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये तुम्ही पहिल्याच दिवशी जोरदार मॅग्नम घातलं तर जाणवेल.

तुमच्याकडे आधीच असं रिव्हॉल्व्हर असेल तर वापरलेल्या पुंगळ्या जपून ठेवा आणि प्रायमर भिंगातून बघा. पिनच्या खळग्याभोवती धातूची उभी कडा, ज्वालामुखीच्या तोंडासारखी, दिसत असेल तर धातू छिद्रात शिरतो आहे. थोडीशी कडा अनेक निर्दोष रिव्हॉल्व्हरांतही दिसते, म्हणून नुसत्या कडेवरून निकाल देऊ नका. कडा ठळक, सिलिंडर जड आणि 'एम' गायब, हे तिन्ही एकत्र आले की शंका उरत नाही.

सिलिंडर अडकलं म्हणजे रिकॉलच असं नाही

हे मुद्दाम लिहितो, कारण 'एम' असलेल्या रिव्हॉल्व्हरचंही सिलिंडर अडकतं आणि मालक म्हणतो, "काम नीट केलेलं नाही." आधी एक सोपी गोष्ट बघा: रिकामं सिलिंडर मोकळं फिरतं का? प्रायमरचा दोष फक्त बार झाल्यानंतर, त्या एका घरापाशी दिसतो. पुंगळ्या काढल्या की सगळं पूर्ववत. रिकामं असतानाही अडखळत असेल तर कारण दुसरं आहे.

सर्वात जास्त वेळा दोषी असते ती एजेक्टर रॉड. सिलिंडरच्या पुढे असलेली, पुंगळ्या ढकलून काढणारी ही दांडी आटे सुटून हळूहळू बाहेर येते. मग सिलिंडर फिरायला आणि उघडायला त्रास होतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: या रिव्हॉल्व्हरच्या दांडीचे आटे उलटे आहेत, ती घड्याळाच्या विरुद्ध दिशेने घट्ट होते. नेहमीच्या सवयीने फिरवाल तर आणखी सैल कराल. घट्ट करताना घरांत दोन-तीन रिकाम्या पुंगळ्या घाला, म्हणजे एजेक्टरच्या चांदणीवर (पुंगळ्यांना मागून उचलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या भागावर) ताण येत नाही. पक्कड थेट धातूवर लावू नका, चामड्याचा तुकडा मध्ये धरा.

दुसरं कारण म्हणजे त्याच चांदणीखाली अडकलेला न जळलेल्या पावडरचा एखादा कण. तो इतका बारीक असतो की विश्वास बसत नाही, पण चांदणी उचलून धरायला तेवढा पुरतो. एजेक्टर पूर्ण ढकलून, टूथब्रशने खालची जागा साफ करा. आणि पुंगळ्या काढताना नळीचं तोंड आभाळाकडे ठेवून दांडी एका दमात मारा, म्हणजे कण खाली पडतात.

घरी भरलेली काडतुसं वापरत असाल तर प्रायमर पूर्ण आत बसलेत का ते बघा. सपाट टेबलावर काडतूस उभं करा. डुगडुगलं तर प्रायमर वर आलेला आहे, आणि तो भिंतीला घासणारच. गोळीला क्रिम्प (पुंगळीच्या तोंडाची गोळीभोवतीची आवळ) कमी पडली असेल तर धक्क्याने न उडालेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकते, सिलिंडरच्या तोंडातून बाहेर डोकावते आणि फ्रेमला किंवा नळीच्या मागच्या टोकाला अडते. रिव्हॉल्व्हर तापत गेलं तसं सिलिंडर हळूहळू जड होत गेलं, तर सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरचा काजळीचा थर बघा.

रेंजवर भरलेलं रिव्हॉल्व्हर अडकलं तर जोर लावू नका. तोंड लक्ष्याकडे धरून थोडं थांबा. बार उशिराने होण्याची शक्यता असते, आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला असेल तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. मग रेंज ऑफिसरला बोलवा. हातोडीने सिलिंडर ठोकून उघडायचा प्रकार मी पाहिला आहे, तो कृपया करू नका.

'एम' नाही. आता काय?

स्वतः पिन आणि बुशिंग बदलायच्या फंदात पडू नका. बुशिंग फ्रेममध्ये दाबून बसवलेलं असतं आणि पिन, छिद्र व प्रायमर यांची जुळणी अचूक लागते. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून मॉडेलचा पूर्ण आकडा, रेघेपुढच्या अंकासह, आणि सिरीयल नंबर सांगा. १९८७च्या सूचनेचं काम हवं आहे असं स्पष्ट म्हणा. भाग इतके जुने आहेत की आधी होकार घेऊन, पाठवण्याचं लेबल मिळवूनच रिव्हॉल्व्हर पाठवावं. अमेरिकी संघराज्याच्या कायद्यानुसार दुरुस्तीसाठी ते थेट कंपनीला पाठवता येतं आणि कंपनी ते थेट मालकाला परत करू शकते. पण राज्याराज्यांचे नियम निराळे, तुमच्या राज्याचा आधी बघा. परत आल्यावर खोका उघडताच खाच बघा: शिक्का ठोकला आहे ना? कामाचा कागद जपून ठेवा, पण पुढचा मालक कागद हरवेल, शिक्का नाही हरवणार.

काम होईपर्यंत मॅग्नम नको.

ओघात एक महत्त्वाची गोष्ट, कारण आपल्यातले अनेक जण एच-वन-बीवर आहेत. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही. मित्राचं रिव्हॉल्व्हर "फक्त कंपनीला पाठवायला" घरी ठेवून घेणंसुद्धा बाळगण्यातच मोडू शकतं. रिकॉलपेक्षा ही चूक कितीतरी महाग पडेल. भारतात वाचणाऱ्या परवानाधारकांसाठी इतकंच: १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. काम परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडेच न्या.

रुगरची तीन स्क्रूवाली

दुसरं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे. इथे शिक्क्यावर विसंबून चालत नाही, यंत्रणाच बघावी लागते.

रुगर या अमेरिकी कंपनीने १९५३ ते १९७२ या काळात बनवलेली सिंगल-सिक्स, ब्लॅकहॉक, सुपर ब्लॅकहॉक ही सिंगल-ॲक्शन (प्रत्येक बारआधी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागणारी) रिव्हॉल्व्हरं जुन्या पाश्चात्त्य पद्धतीची होती. घोडा खाली असताना फायरिंग पिनवर टेकलेला. त्या पिनसमोर भरलेलं काडतूस असेल आणि रिव्हॉल्व्हर हातातून पडून घोड्यावर आपटलं, तर बार होऊ शकतो. म्हणून सहा घरांत पाचच काडतुसं भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा, असा नियम होता. १९७३ मध्ये रुगरने ट्रान्सफर बार असलेलं नवं मॉडेल आणलं. चाप मागे ओढलेला असेल तरच पोलादाची एक पट्टी घोडा आणि पिन यांच्या मध्ये येते आणि ठोका पोचवते. चाप सुटला की पट्टी खाली जाते, ठोका पोचतच नाही. १९८२ पासून कंपनी जुन्या रिव्हॉल्व्हरांवरही अशी पट्टी बसवून देते. हे काम आजही विनामूल्य होतं, आणि काढलेले मूळ भाग मालकाला परत दिले जातात.

फ्रेमच्या बाजूला बघा. तीन स्क्रूची डोकी दिसली तर जुनं मॉडेल, दोन पिना दिसल्या तर नवं. नव्याला काही करायचं नाही. पण बदल केलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरलाही तीन स्क्रू असतातच, त्यामुळे स्क्रू मोजून फक्त वय कळतं. पुढची तपासणी अशी: रिव्हॉल्व्हर रिकामं, घोडा पूर्ण मागे. आता घोडा आणि फ्रेम यांच्या मधल्या फटीत उजेड टाका. पिनच्या समोर वर आलेली चपटी पोलादी पट्टी दिसली तर बदल झालेला आहे. घोड्याचा सपाट चेहरा आणि पिन यांच्या मध्ये काहीच नसेल, तर नाही. बघून झालं की घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली सोडा.

कागदावर विश्वास ठेवू नका असं सुरुवातीला म्हटलं, त्याचं खरं कारण या रुगरमध्ये आहे. कंपनी मूळ भाग परत देते, आणि बदलानंतर चापाचा ओढा पूर्वीसारखा हलका-स्वच्छ राहत नाही अशी अनेकांची तक्रार असते. मूळ भाग सोबत असले की संग्राहक किंमतही जास्त देतात. त्यामुळे कुणी मालक ते जुने भाग पुन्हा बसवून टाकतो. आता कंपनीच्या नोंदीत काम झालेलं, मालकाच्या खोक्यात कामाचं पत्र, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र घोडा थेट पिनवर. सिरीयल नंबर सांगून कंपनीला विचारलंत तरी "झालंय" असंच उत्तर येईल. पट्टी दिसते की नाही, हेच शेवटचं उत्तर.

पट्टी दिसली तर सोबत आलेली जुन्या भागांची पिशवी रिव्हॉल्व्हरच्याच खोक्यात ठेवू नका. तिच्यावर सिरीयल नंबर आणि 'बसवू नये' असं लिहून वेगळ्या जागी ठेवा. आणि पट्टी दिसली नाही, पण काही कारणाने बदल करून घ्यायचा नसेल, तर सहावं घर रिकामं ठेवायचा नियम घरातल्या प्रत्येक नेमबाजाला समजावून सांगा, आणि रिव्हॉल्व्हर विकताना पुढच्या मालकालाही सांगा.